बरगे

शाळेच्या भिंतीवर तीन रेघा आहेत.
पाच सालची खिडकीखाली,
एकवीसची फळ्याच्या वरच्या कडेला,
एकोणीसची थेट पंख्याच्या पात्यापाशी.
त्या रेघांखाली टेबल टाकून
मी बसलेय हरकती लिहून घ्यायला.

खालच्या धरणाची उंची वाढणार आहे.
वीज होणार आहे, असं कागदावर आहे.
कागद सतरा पानांचा,
आमचं गाव बाराव्या पानावर,
नावातला काना चुकलेला.

नमुन्यात रकाने चार.
नाव. गट नंबर. नुकसानीचं स्वरूप. सही अथवा अंगठा.
तिसरा रकाना दीड इंचाचा.

बाबगोंडा मगदूम म्हणाले, लिही,
आधीच तीन एकर पांढरं पडलंय,
चालताना पायाखाली पापडासारखं मोडतंय.
आता फुगवटा महिनाभर बसला तर
ऊस लावायचा का मिठागर?
मी लिहिलं : मीठ.

मेहबूब नदाफ दुकानातल्या कापसाचं सांगत होते.
भिजून चौदा दिवस राहिला
तेव्हा मेल्या मेंढरासारखा जड झाला,
दोघांनी तंगडी धरल्यागत धरून नेला उकिरड्यावर.
पाऊण तास सांगत होते.
मी लिहिलं : कापूस.

सोनाक्का अंबी आली तेव्हा रांगेतून कुणी बोललं,
तुझी कसली गं हरकत?
पाणी चढलं की तुझ्याच नावेचं राज्य!
ती वळली.
नाव नदीतनं चालवायची असती, बाबा,
लोकांच्या सैपाकघरातनं न्हवं.
एकोणीसला मी दोर कशाला बांधला ठावं हाय?
तुझ्याच माडीच्या गजाला.
आत तुझी म्हातारी देव पोटाशी धरून बसलेली.

मग कुणी बोललं नाही.
सोनाक्काला सही येते.
तरी तिनं अंगठाच दिला, असा दाबून
की शाई मागल्या बाजूला उतरली.

व्हरांड्यात पोरं खेळत होती.
एक धरण झालेला, हात पसरून.
बाकीची ओरडत होती,
दोन लाख सोड! अडीच लाख सोड!
आमच्याकडं क्युसेक पाढ्यांच्या आधी येतं.

आप्पा सगळ्यात शेवटी.
चौतीस वर्षं बंधाऱ्यावर,
बरगे घालायला आणि काढायला.
उजवी करंगळी तिथल्याच एका खाचेत राहिली,
तिच्याबद्दल त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

सांगा, म्हटलं.
ते थांबून थांबून बोलले.
दसरा झाला की बरगे घालायचे.
दोन फळ्यांच्या मधी माती ठासायची.
मिरगाच्या आत सगळे काढायचे, एकूण एक,
थप्पी लावायची पत्र्याखाली.
आठ महिनं ती आमची,
चार महिनं आम्ही तिचं.
दोन माणसांनी उचलंल
एवढंच आडवावं बघ.

मावत नाही आप्पा, म्हटलं.
त्यांनी पेन घेतलं.
दीड इंचात सात उभ्या रेघा ओढल्या,
चार बोटांनी, हळूहळू,
रेघ आणि रेघ यांच्यात सारखं अंतर ठेवून.
खांब.
मधले गाळे मोकळे.

सोमवारी खताच्या पोत्यात घालून
चारशे बारा अर्ज कोल्हापूरला नेले.
खिडकीतल्या साहेबांनी अंगठा ओला करून सगळे मोजले,
एका ठिकाणी थांबले, चष्मा वर केला,
शिक्का मारून पावती दिली :
हरकती प्राप्त, चारशे बारा.
पैकी एक अपूर्ण.

आप्पांनी पावती दोनदा वाचली,
घडी करून टोपीत ठेवली.
मोकळं हाय ते, म्हणाले,
अपुरं न्हवं.

मग विचारलं,
कुरुंदवाडची शेवटची एस्टी किती वाजता.